कच्चं लाकूड

टकटकेंना लाकडाविषयी कुणी शिकवलेलं खपत नसे. टकटके हे काही त्यांचं आडनाव नव्हे. उभा जन्म लाकडाच्या वखारीत गेला. येईल त्या ओंडक्यावर बोटांच्या पेरांनी टकटक करायची, कान लावायचा आणि माल पास की नापास ते सांगायचं, हे त्यांचं काम. म्हणून हमालांनी ठेवलेलं हे नाव. खणखणीत वाजलं तर पक्का माल. भद्द वाजलं तर कच्चा, आणि कच्च्या मालाची गाडी दारातूनच परत. निवृत्तीनंतर वखार सुटली, खोड काही सुटली नाही. घरातली दारं, शेजाऱ्यांचा पलंग, एकदा तर तपासायला गेले असता डॉक्टरांचं टेबल, सगळं त्यांनी वाजवून पाहिलं होतं.

त्यांची सून लेथच्या यंत्रावर लाकूड गरगर फिरवून ते पटाशीने कातायची. लग्न होऊन ती घरात आली तेव्हा "पोरगी अजून कच्ची आहे" असा निकाल टकटकेंनी बायकोच्या कानात देऊन टाकला होता, आणि तो सुनेने ऐकला होता. पुढे तिने मागच्या शेडमध्ये लेथ बसवला तेव्हाही सालं काढायचा उद्योग म्हणून त्यांनी नाक मुरडलं. पण तिने कातलेले वाडगे आणि दिव्यांचे खांब दुकानांत खपू लागले, तसे सासरेबुवा नरमले. आता तिने नवशिक्यांसाठी वर्ग काढला होता. तो चालला, तर माल टोपलीत घालून दुकानादुकानांत फिरणं तिचं संपणार होतं. त्या वर्गाला लागणारं लाकूड आणायचं काम टकटकेंनी आपणहून मागून घेतलं.

"बाबा, कच्चं आणा," ती म्हणाली. "नुकतं तोडलेलं, ओलं, आतल्या रेषा सरळ असलेलं, गाठ नसलेलं. झाडाच्या फांद्या मिळाल्या तरी चालतील." शिकणाऱ्याचा हात चुकणारच, ओलं लाकूड मऊ असतं, ती चूक पोटात घालतं, हेही तिने समजावून सांगितलं.

टकटकेंनी मान डोलावली. पण कच्चं हा शब्द त्यांच्या डोक्यात ठणकत राहिला. आपण हयातभर परत पाठवलेला माल आपल्याच सुनेच्या वर्गात? लोक हसतील. बिचारी काटकसर करत असेल, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं आणि तडक जुन्या वखारीत गेले. वर्षानुवर्षं वाळलेले, जड, गाठींची सुंदर वळणं असलेले तुकडे त्यांनी एकेक वाजवून निवडले. वर्गाच्या आदल्या संध्याकाळी टेम्पोतून उतरताना त्यांची छाती फुगली होती.

सुनेने लाकूड पाहिलं आणि ती गप्प झाली. दुसरं आणायला वेळ उरला नव्हता. गाठी टाळून कापू, एवढंच ती म्हणाली. तिचं गप्प होणं टकटकेंना कौतुकाचं वाटलं.

सकाळी मंडळी जमली. टकटके दाराजवळ खुर्ची टाकून रुबाबात बसले. पहिला नंबर एका निवृत्त नर्सबाईंचा लागला. सुनेने त्यांच्या हातावर आपला हात ठेवून पटाशी लाकडाला लावली. लाकूड कसलं, दगडच तो. पटाशी घसरायची, कचकन आवाज करायची. वरचा थर निघाला आणि आत दडलेली गाठ समोर आली. पटाशी तिच्यात अडकली, तुकडा लेथमधून उसळला, सुनेच्या मनगटावर आदळला आणि गडगडत टकटकेंच्या पायाशी येऊन थांबला.

नर्सबाईंनी तिचं मनगट बांधलं. माझाच हात चुकला, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

"तुमचं नाही चुकलं," सून म्हणाली. "लाकूड चुकीचं होतं. ते मी निवडलं."

शिकायला आलेला एक बेकरीवाला फटकळ होता. नवशिक्याला काय द्यावं हे शिकवणारीलाच कळत नसेल तर आम्ही बोटं तोडून घ्यायची का, असं त्याने तोंडावर विचारलं. माझं चुकलं, असं ती पुन्हा म्हणाली. तिने टकटकेंकडे पाहिलंसुद्धा नाही.

टकटके खुर्चीवरून अर्धवट उठले. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी खाली वाकून तो तुकडा उचलला आणि सवयीने त्यांची पेरं त्यावर वाजली. तुकडा खणखणीत वाजला. सगळ्यांनी वळून पाहिलं. पाणी आणतो, असं पुटपुटत ते घरात गेले आणि वर्ग संपेपर्यंत खाटेवर बसून राहिले.

पुढच्या दिवसांत तिने एका शब्दाने विषय काढला नाही. परगावी नोकरीला असलेल्या नवऱ्याने फोनवर विचारलं, तर बरा झाला वर्ग, असं सांगून मोकळी झाली. ती डाव्या हाताने वाढायची आणि टकटके मान खाली घालून जेवायचे. तिने चार शब्द सुनवावेत म्हणून ते अक्षरशः वाट पाहत होते. ओरडा खाल्ला असता तर हलकं तरी वाटलं असतं. आपण भित्रे आहोत हे या वयात कळणं फार वाईट. त्यांना आरशासमोर उभं राहायचीही लाज वाटू लागली.

विजेच्या तारांना लागणाऱ्या फांद्या तोडणारी माणसं गल्लीत आली, तेव्हा टकटके चपला न घालताच धावले. सरळ, बिनगाठीच्या फांद्या त्यांनी वेचून काढल्या. एकेक वाजवली. भद्द, भद्द, भद्द. जन्मात पहिल्यांदा त्या आवाजावर त्यांनी मान डोलावली. मोळी सायकलला बांधली आणि ढकलत घरी आणली.

पुढच्या वर्गाला बेकरीवाला आला नाही. त्याच्याबरोबर आलेलेही आले नाहीत. नर्सबाई आल्या आणि मागच्या वेळी आलेला एक शिंपी आला. टकटके खुर्चीवरून उठले.

"मागचं लाकूड मी आणलं होतं," ते म्हणाले. "हिने कच्चं सांगितलं होतं. मला नीट कळलंही होतं. पण माझी शान राहावी म्हणून मी पक्कं आणलं. आणि माझ्यासाठी ही बोलणी खात होती तेव्हा मी घरात जाऊन बसलो."

शिंप्याने नजर खाली वळवली. नर्सबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "अंदाज आला होता आम्हाला. तुम्ही पाणी आणायला गेलात, ते पाणी काही आलं नाही."

टकटकेंनी सुनेकडे पाहिलं. एवढं बोलल्यावर ती हसेल, निदान मान तरी हलवेल, अशी त्यांना आशा होती. ती जवळ आली आणि फक्त त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाबा, हे मला त्या दिवशी हवं होतं."

आवाजात राग नव्हता. राग असता तर टकटकेंना सोसला असता.

तिने एक ओली फांदी लेथवर चढवली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "या. आधी तुम्हीच."

नाही म्हणायला तोंड नव्हतं. टकटकेंनी पटाशी धरली. तिने मागून आपला हात त्यांच्या हातावर ठेवला. लेथ सुरू झाला. ओल्या लाकडाच्या लांब, मऊ फिती निघू लागल्या, तोंडावर पाण्याचे शिंतोडे उडू लागले. हात चुकला. पुन्हा चुकला. लाकडाने चूक पोटात घातली आणि ते फिरत राहिलं.

"नजर पटाशीच्या टोकावर ठेवा, बाबा," ती म्हणाली.

टकटकेंनी हो म्हटलं. पण पटाशीच्या अलीकडे, अगदी डोळ्यांसमोर, तिच्या मनगटावरची पट्टी होती.