जरीची अन्नपूर्णा

जिनिंग गिरणीतला कापूस हिंगणघाटच्या हवेत तरंगत होता आणि चौकटींतून काढून अंगणात ऊन दाखवायला मांडलेल्या देवांच्या खांद्यांवर अलगद उतरत होता. प्रमोदिनी एकेकाला फुंकर घालून चित्र उलटंसुलटं करून पाहत होती. नाव कुठंच नव्हतं. छापखान्याचं काय, चित्रकाराचं काय, नाव असतं ते तळाच्या कडेला. आणि चौकटी बसवणाऱ्यानं सगळ्या कडा कापून टाकलेल्या.

यातलं एक बाबांचं होतं. नागपूरच्या छापखान्यात ते दगडावर चित्रं काढत. दगडावर उलटं काढायचं, तेव्हा कागदावर सुलटं उमटतं. ती चालू लागायच्या आत ते गेले. मागे फोटोसुद्धा नाही. कोणतं चित्र त्यांचं, ते आई "सांगीन कधीतरी" म्हणत राहिली आणि तशीच गेली. आता नव्या नोकरीत शाळेनं दिलेल्या खोलीत एकाच चित्रापुरती भिंत होती. तिथं प्रमोदिनीला बाबाच हवे होते.

"ही मोरावरची सरस्वती असेल, आत्या. किती रेखीव आहे."

"रेखीव हाय म्हणूनच त्याची नाई," आनंदाआत्या सुपारी कातरत म्हणाली. "माह्या भावाले वळखत नाई का मी?"

प्रमोदिनी हसली. मग तिची नजर अन्नपूर्णेवर थांबली. साऱ्या देवांत हिलाच तेवढी जरी चिकटवलेली, खांद्यापासून हातापर्यंत.

"आईनं हिलाच का सजवलं असेल?"

"जरी काढून पाह्य ना मंग, काऊन सजवलं ते."

ओल्या बोटानं जुनी खळ सुटत गेली. जरीखालून हात निघाला, हातात पळी. डावा हात. पदर उजव्या खांद्यावर, नथ उजव्या नाकपुडीत.

आत्याचा अडकित्ता थांबला.

"उलटं काढाचं इसरला वं तुहा बाप," ती हळूच म्हणाली. "घरीबी तसाच. सदरा उलटा घालून बाजारात जाये. डाव्या हातानं वाढणारी देवी तुह्या मायनं फेकली नाई, झाकून ठेवली."

प्रमोदिनीनं सुटलेली जरी गुंडाळून बाजूला ठेवली.

नव्या खोलीत प्रमोदिनीनं अन्नपूर्णा आरशासमोर टांगली. सकाळी ती वेणी घालते तेव्हा देवी तिच्या खांद्यावरून आरशात डोकावते, उजव्या हातात पळी धरून, बाबांनी दगडावर पाहिली होती अगदी तशी.