बेळ्ळंदूरचे पिंप

"काय म्हणतंय बेळ्ळंदूर?" भगवंतरावांनी दारातूनच विचारले.

खंडोजी बेळ्ळंदूर गावच्या मद्याच्या लाकडी पिंपावर वाकलेला होता. बूच काढून त्याने नाक आत नेले, दीर्घ श्वास घेतला. परंतु थंड हवेपलीकडे त्यास काहीही जाणवले नाही.

"चांगलं म्हणतंय, रावसाहेब."

"सरी, ठीक. उद्या चर्चचे फादर येतायत, पूजेची वाइन न्यायला. देवनहळ्ळीची द्यायची का बेळ्ळंदूरची, ते तुमचं नाक ठरवील. आम्हाला काय, दोन्ही सारख्याच काळ्या!"

भगवंतराव त्या लहानशा मद्यशाळेचे व्यवस्थापक होते. तेथे प्रत्येक गावच्या द्राक्षांचे मद्य निराळ्या पिंपात राखीत. कारण द्राक्ष एकाच निळसर जातीचे असले, तरी देवनहळ्ळीची तांबडी माती आणि बेळ्ळंदूरच्या तळ्याकाठचा गाळ आपापला स्वभाव त्यात उतरवीत. तो स्वभाव ओळखणे, आणि पिंप बिघडू लागताच सांगणे, हे खंडोजीचे काम. मद्य जिभेस लावणार नाही, अशी भवानीची शपथ त्याची पत्नी मथुरा हिने लग्नाच्या वर्षीच त्यास घातली होती. सबब सारा भार नासिकेवर. आणि सत्तावन्न सालच्या तापाच्या साथीतून तो उठला, तो ती नासिकाच गमावून. हे उघड झाले की आपली जागा गेली, या धास्तीने तो दिवसभर पिंपांमधून येरझारा घालीत राहिला. बुचे काढी, लावी, पुन्हा काढी.

सायंकाळी त्याने देवनहळ्ळी आणि बेळ्ळंदूर या दोन पिंपांतील मद्य दोन लहान बाटल्यांत भरून घरी नेले.

"अगं बाई! दारू? घरात?" मथुरा चुलीपुढून उठली. "लाज कशी वाटंना तुम्हाला!"

"प्यायची नाय गं. नुसता वास घे."

"मी? डोस्कं फिरलं का तुमचं?"

"मथुरे, मला वास येत नाय. ताप आल्यापासनं."

मथुरेने कपाळावर हात मारला.

"तरीच! परवा डाळीचं सारू करपलं, तर तुम्ही दोनदा मागून घेतलं. मला वाटलं, माझं मन राखताय."

तिने नाकावर धरलेला पदर हळूच बाजूला केला आणि पहिली बाटली हुंगली.

"जांभूळ... मागनं तापल्या कौलासारखं काय तरी."

"देवनहळ्ळी," खंडोजी पुटपुटला.

तिने दुसरी हुंगली. "ह्यात तळ्यातल्या शेवाळाची ओल हाय. स्वल्प थांबा." तिने दुसरी बाटली पुन्हा नाकाशी नेली. "हे आंबलंय हो. इडलीचं पीठ दुसऱ्या दिवशी कसं मारतं वास, तसं."

याच मद्यास त्याने सकाळी चांगले म्हटले होते!

"रोज आणत जावा बाटली," मथुरा खालच्या आवाजात म्हणाली. "मी सांगीन. कुणाला कळतंय?"

त्याने दोन्ही बाटल्यांना बुचे लावली.

दुसऱ्या दिवशी त्याने फादरांच्या देखत सांगितले, "देवनहळ्ळीची द्या. बेळ्ळंदूरचं पिंप आंबलंय."

"बघा फादर, असलं नाक आमच्याकडे!" भगवंतराव प्रफुल्लित झाले. फादरांनीही संतुष्ट होऊन शेजारच्या दोड्डबळ्ळापूरच्या पिंपाकडे बोट केले; चांगले असल्यास तेही नेण्याची त्यांची इच्छा होती.

खंडोजीने बूच उपटले. तो वाकला. 'चांगलं' एवढा एक शब्द उच्चारला असता, तर सर्व काही पूर्ववत चालले असते. त्याने पेल्यात थोडे मद्य काढले, नाकाशी नेले, खाली घेतले, पुन्हा नेले.

"मला कळत नाय, रावसाहेब."

"म्हणजे?"

"कालचंही मला कळलं नव्हतं. घरच्या बाईनं ओळखलं."

"चेष्टा करताय होय, अण्णा!" भगवंतराव हसले, मग त्याचा चेहरा पाहून थांबले. "कधीपासनं?"

"तापापासनं."

भगवंतरावांनी त्याच्या हातातून पेला घेतला, स्वतः बराच वेळ हुंगला, आणि "आम्हालाही कळत नाही," म्हणत खाली ठेवला. फादर दाराबाहेरच्या मळ्याकडे पाहू लागले.

पिंप उघडेच होते. खंडोजीने फडक्याने त्याचे तोंड पुसले, बूच बसविले आणि लाकडी मोगरी उचलून ठोके दिले. बूच तसूभरही वाकडे न होता आत गेले.