वरचे दांडे, खालचे दांडे

"तू आज धक्क्यावरच थांबायचं. बोटीवर पाय ठेवायचा नाही," डॉक्टर म्हणाले. "गिऱ्हाइकाला वाटायला नको, ही चालवायला माणूस लागतो म्हणून."

माणूस म्हणजे मिस्त्री. दोन इंजिनांच्या त्या बोटीचं तेल, पट्टे, पंप, सगळं बावीस वर्षं एकट्यानं बघणारा, नखांत कायम काळं तेल. आणि डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर, बोटीचे मालक. वर्षातून सात-आठ रविवार पांढरी टोपी चढवून यायचे, तेवढीच त्यांची मालकी.

"बोट गेल्यावर माझं काय, डॉक्टर?"

"सांगतो ना बोट घेणाऱ्या बाईंना, तुला ठेवून घ्या म्हणून. आधी विकू तर दे!"

 मिस्त्रीला धास्ती वेगळीच होती. हा दात उपटणारा स्वतःला खरंच खलाशी समजायला लागला होता.

बोटीला चालवायच्या जागा दोन. एक वर, उघड्यावर, साऱ्या जगाला दिसणारी. दुसरी खाली, केबिनमध्ये. दोन्हीकडे एकेक चाक आणि दोन-दोन दांडे, प्रत्येक इंजिनाला एक. खालचा दांडा ढकलला की वरचा आपसूक हलायचा. पहिल्याच वर्षी डॉक्टरांनी शेजारच्या बोटीचं नाक फोडलं. तेव्हापासून धक्का जवळ आला की मिस्त्री गुपचूप खाली जाऊन दांडे धरायचा, आणि डॉक्टर वर, आपसूक हलणाऱ्या दांड्यांवर नुसते हात ठेवून, पाहुण्यांकडे बघत हसायचे. पाहुणे टाळ्या पिटायचे. यावर दोघांत कधी अवाक्षर झालं नाही. बावीस वर्षं टाळ्या ऐकून डॉक्टरांना त्या आपल्याच वाटायला लागल्या होत्या. नाहीतर मिस्त्रीला किनाऱ्यावर ठेवून कोण शहाणा बोट बाहेर काढेल?

बाहेर निघाली सरळ. निघायला काय, दोर सोडले की झालं. गिऱ्हाईक म्हणजे एक बेकरीवाल्या बाई, पन्नाशीच्या, मनगटांवर भट्टीचे चटके. त्या केबिनमध्ये उभं राहून सगळं निरखत होत्या.

तासाभरानं बोट परतली, तेव्हा वारा फिरला होता. धक्का डावीकडे, उजवीकडे काँक्रीटचा खांब, आणि वारा बोटीचं तोंड त्या खांबाकडे ढकलत होता. डॉक्टरांनी वर चाक गरागरा फिरवलं, मोटारगाडीसारखं. एवढ्या कमी वेगात चाक म्हणजे नुसती शोभा; तोंड फिरतं ते एक इंजिन पुढे, एक मागे घेऊन. बोट वळेना, म्हणून त्यांनी घाबरून दोन्ही दांडे पुढे रेटले.

क्षणभर मिस्त्रीला वाटलं, आपटू दे. बघू दे जगाला. पण आपटणार होती ती बोट. डॉक्टर काय, दुसरी टोपी घेतील.

"दांडे सोडा!" तो ओरडला.

"तू गप्प बस!" वरून उत्तर आलं.

"सोडा म्हणतो ना, टोपीवाले! बाई, खालचे दांडे धरा! दोन्ही मधे घ्या! चाकाला हात नको. आता डावा मागे... डावं इंजिन आळशी आहे, उशिरा पकडतं, थांबा... पकडलं! उजवा पुढे!"

बाईंनी सांगितलं तसं केलं. तोंड डावीकडे वळलं, खांब हातभर अंतरावरून गेला. "आता उलट! डावा पुढे, उजवा मागे. बस, मधे!" बोट धक्क्याला लागली, आवाजसुद्धा झाला नाही. वर डॉक्टर हात आखडून उभे होते, समोर दांडे आपले आपले हलताना बघत.

खाली उतरल्यावर डॉक्टरांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "पाहिलंत ना बाई? एका माणसाला सहज जमते!"

"जमते की," मिस्त्री म्हणाला. "तो माणूस तुम्ही नव्हे, एवढंच."

डॉक्टर टोपी सारखी करत गाडीकडे गेले. मिस्त्रीबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही.

बाईच बोलल्या. "बोट घेतेय मी. पण खरं सांगू, भाऊ? तीस वर्षं माणसं सांभाळली. आता एकटीनं पाण्यावर जायचंय. तुम्ही ओरडला नसतात तर घाबरून माणूस ठेवला असता. आता कळलं, मला येतं."

मिस्त्रीनं मान डोलावली. मग दुपारभर त्यानं त्यांना सगळं दाखवलं. कुठला पट्टा कधी करकरतो, कुठला पंप कसा रुसतो. काही म्हणता काही हातचं राखलं नाही.

पंधरा दिवसांनी जेवताना बायको म्हणाली, "अहो, नखं किती स्वच्छ झाली तुमची!"

मिस्त्रीनं डावा हात ताटाखाली घेतला आणि उजव्यानं भराभर जेवू लागला.