शुक्रवारचे डॉक्टर

माझ्या जिभेला घरात सगळे टरकून असतात. थोरला मुलगा, त्याची बायको, दूधवाला, वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, सगळेच. फक्त माझी धाकटी जाऊ कधी टरकली नाही. मी तोंडाचा पट्टा सुरू केला की ती खाली मान घालून भाजी निवडत बसायची. मी थांबले की वर बघून विचारायची, "झालं, बाई? चहा टाकू?" दोघींचे नवरे गेले. तिला मूलबाळ नाही. थोरल्याच्या घरात आम्ही दोघी एका खोलीत राहतो, आणि तिचं म्हणावं असं माणूस मी एकटीच.

यंदा धाकटीला दम लागायला लागला. आधी जिन्यात, मग सपाटीवर चालताना, मग नुसते केस विंचरतानासुद्धा. सरकारी दवाखान्यातल्या साध्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि म्हणाले, हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा, उशीर करू नका. उशीर करू नका म्हणणं सोपं आहे. हृदयाचे डॉक्टर सोमवारी येतात, आणि सोमवारीच येतात. दुपार झाली की त्यांची गाडी दुसऱ्या दवाखान्याकडे निघते आणि दारातला शिपाई उरलेल्यांना म्हणतो, "पुढच्या सोमवारी या." आम्ही उजाडता उजाडता गेलो तरी पुढे माणसं असायचीच, आदल्या संध्याकाळपासून व्हरांड्यात पथारी टाकलेली. धाकटीला मी फरशीवर कुठे झोपवू? म्हणून दर सोमवारी आम्ही उरलेल्यांतच.

तिथल्या बाकावर ड्रायव्हरकाकांची ओळख झाली. जन्मभर बस चालवलेला माणूस, बायकोला घेऊन यायचा. म्हणायचा, "ताई, सगळ्या जगाला वेळेवर पोचवलं आणि आता मीच स्टँडवर अडकलोय." त्यांच्याशी बोलताना वेळ जायचा. शिपाई माझ्याशी जरा अदबीनं वागायचा, कारण एकदा त्यानं धाकटीला "ए म्हातारे, सरक" म्हटलं होतं आणि मी त्याची आई, त्याची मावशी आणि त्याला नोकरीला लावणारा, सगळ्यांची विचारपूस केली होती. सगळा व्हरांडा हसला होता.

मग दवाखान्यात जनसुनावणी ठरली. आरोग्य खात्याच्या मोठ्या मॅडम येणार, लोकांचं ऐकणार, आणि पटलं तर जागच्या जागी मंजुरी देणार. बाकावरच्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"ताई, तुम्हीच बोला," ड्रायव्हरकाका म्हणाले. "आम्ही बोललो तर ते लिहून घेतील. तुम्ही बोललात तर घाबरतील."

घरी धाकटी म्हणाली, "बाई, भलतंसलतं बोलत बसू नका. एकच मागा. हृदयाचे डॉक्टर शुक्रवारीही पाहिजेत. शुक्रवारी ती खोली रिकामीच असते, मी कुलूप बघितलंय. तेवढं आधी मागा, शिव्या मग द्या."

"मला शिकवतेस?"

"नाही, आठवण करते."

सुनावणीच्या दिवशी मी तिला घरीच ठेवलं. म्हटलं, "आज नुसतं बोलायचं काम आहे, तू कशाला दमतेस." माझीही रक्तदाबाची तपासणी होती, म्हणून मी लवकर निघाले.

गेले तर दवाखाना ओळखू येईना. फरशी अजून ओली. कधी न फिरलेले पंखे फिरत होते. आणि हृदयाच्या खोलीत, सोमवार नसताना, एक सोडून दोन डॉक्टर! कुठून आणले होते देव जाणे. येईल त्याला आत घेत होते. ड्रायव्हरकाकांची बायको केव्हाच तपासून बाहेर आली होती. धाकटीला आणलं असतं तर आजच तिचं काम झालं असतं. रक्तदाबाच्या तपासणीला माझंही नाव लगेच पुकारलं.

ड्रायव्हरकाका कानाशी लागले. "आज नाटक आहे, ताई. उद्या हे दोघे नसतील. हेच सांगा. आणि शुक्रवार."

"माहीत आहे हो."

सुनावणीच्या मांडवात पोचले तर मॅडम माझ्यासाठी उठून उभ्या राहिल्या. खोटं सांगत नाही, आजवर कुठल्याही कचेरीत माझ्यासाठी कुणी उठलं नव्हतं. तिथं मी उभी आणि ते बसलेले, हीच रीत. "या आई, इथे बसा," म्हणाल्या. गादीची खुर्ची होती. कुणीतरी माइक हातात दिला.

"आई, आज तुम्हाला किती वेळ थांबावं लागलं?"

आता तुम्हीच सांगा, प्रश्न आजचा होता. मी म्हणाले, "आज? आज बाकाला पाठसुद्धा टेकवावी लागली नाही! नाव इतक्या लगेच पुकारलं की मला वाटलं, दुसऱ्या कुणाला सोडून मलाच बोहल्यावर चढवतायत."

मांडव हसला. मॅडम तोंडावर हात धरून हसल्या. आता 'पण' म्हणायचं होतं. 'पण रोज असं नसतं', एवढं जिभेच्या टोकावर होतं. पण ते हसणं मला चढलं. म्हटलं, आणखी एक सांगू आणि मग मुद्द्यावर येऊ. "डॉक्टर एवढे गोड बोलले की माझं वाढलेलं प्रेशर लाजून खाली आलं. म्हटलं, पुन्हा मोजा, माझा विश्वास नाही बसत." पुन्हा हशा. फोटोवाला गुडघ्यावर बसला. मी त्याच्याकडे बघून पदर नीट केला. हो, पदर नीट केला.

तेवढ्यात मॅडमनी माइक घेतला. "धन्यवाद आई. हीच आमच्या कामाची पावती." टाळ्या वाजल्या. कुणीतरी माझं कोपर धरलं आणि मी पायरी उतरून खालीसुद्धा आले. "अहो, माझं राहिलंय," म्हणाले मी. टाळ्यांत कुणाला ऐकू जाणार? आणि खरं सांगायचं तर मी ओरडून नाही म्हणाले. मला ओरडता येत नाही असं थोडंच आहे.

ड्रायव्हरकाका बायकोचा हात धरून फाटकाशी उभे होते. "छान हसवलंत," म्हणाले, आणि निघून गेले.

घरी धाकटी दारातच. "बोललात?"

"बोलले."

"शुक्रवारचं?"

स्वयंपाकघरात सूनबाई कान टवकारून भांडी लावत होती. जिला मी रोज धारेवर धरते, तिच्यासमोर मी काय सांगणार, की मी हसवून परत आले? "बोलले म्हटलं ना," मी म्हणाले. "कितीदा विचारशील?"

तिचा चेहरा असा उजळला की मला तिकडे बघवेना.

येणारा शुक्रवार मी टाळला. म्हटलं, कागद हलायला वेळ लागतो. मधल्या सोमवारी तिला अंथरुणातून उठवेना. म्हणाली, "आता शुक्रवार आहे की, गर्दीही कमी असेल. उगाच सोमवारची मारामारी कशाला?" म्हणजे माझ्या एका शब्दापायी तिचा सोमवारही गेला. तरी मी गप्प. ज्या तोंडाची घरादाराला धास्ती, ते तोंड शिवल्यासारखं.

पुढच्या शुक्रवारी ती माझ्याआधी तयार होऊन बसली होती. ठेवणीतले कपडे, केसपेपर पिशवीत. निघालो. हृदयाची खोली वरच्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. प्रत्येक वळणावर ती कठड्याला धरून थांबायची, ओठ निळसर पडलेले, आणि माझ्याकडे बघून हसायची, आता पोचलोच अशा अर्थानं. प्रत्येक वळणावर मला सांगता आलं असतं. चल, परत फिरू, तिथं काही नाही. मी पिशवी या हातातून त्या हातात घेत राहिले. मनात वेडी आशाही होती, की कुणी दुसऱ्यानं मागितलं असेल, उघडली असेल खोली.

खोलीला कुलूप होतं.

आणि समोरच्या भिंतीवर मी होते. हा एवढा मोठा फ्लेक्स, माझं तोंड हसून उघडलेलं, पडलेल्या दातांची फट दिसतेय. खाली अक्षरं. मला वाचायला वेळ लागतो. धाकटी माझ्यापेक्षा जास्त शिकलेली. तिनं थांबत थांबत वाचलं, "आज बाकाला... पाठसुद्धा टेकवावी... लागली नाही. एक समाधानी रुग्ण."

ती बाकावर बसली, त्याच फोटोखाली, आणि पाठ भिंतीला टेकवली. दम जरा खाली बसल्यावर म्हणाली,

"शुक्रवारचं बोललाच नाहीत तुम्ही."

"हसायला लागले गं ते सगळे," मी म्हणाले. "मग मला..."

"माहीत आहे. लोक हसले की तुम्हाला राहवत नाही." मग म्हणाली, "घरी सांगू नका. सूनबाईसमोर तुमची मान खाली जाईल. डॉक्टर रजेवर होते असं मी सांगते."

तिनं मला चार शब्द सुनावले असते तर मी उलट आठ सुनावले असते आणि सुटले असते. तिनं तेवढीही वाट ठेवली नाही.

मी तिला तिथंच बसवून खाली मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत घुसले. दवाखाना तेच चालवतात. म्हटलं, "मला परत बोलायचंय."

"आजी, सुनावणी झाली," ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता, डोळे झोपेनं तांबारलेले होते. "अहवाल वर गेला. तुमचंच उदाहरण दिलंय त्यात. मीही हृदयाच्या डॉक्टरांसाठी दुसरा दिवस मागितला होता. वरून विचारलं, लोकांची मागणी आहे का? सुनावणीत तर कुणी मागितलं नाही."

"मी मागते. आत्ता मागते."

"पुढच्या सुनावणीत मागा."

"ती कधी?"

"वरून कळेल."

घरी जेवायला सगळे एकत्र बसलो. थोरल्यानं विचारलं, "काकू, दाखवलं का?"

धाकटी म्हणाली, "नाही रे, डॉक्टर रज..." आणि तिला मध्येच दम लागला. घास हातात, उरलेला शब्द तोंडातून निघेना. माझ्यासाठी खोटं बोलायलासुद्धा तिला श्वास पुरत नव्हता.

"कुणी रजेवर नाही," मी म्हणाले. "शुक्रवारी तिथं डॉक्टरच नसतात. मागायचं काम माझं होतं, मी मागितलं नाही. चार टाळ्या ऐकल्या आणि विसरले. वर घरी येऊन खोटं सांगितलं." मांडव, मॅडम, पदर, फ्लेक्स, सगळं सांगितलं.

सूनबाई पळी हातात धरून उभी. मी वाट बघत होते. आजवर तिला जे जे बोलले त्याचा हिशेब चुकता करायची हीच वेळ होती, आणि तिनं केला असता तर बरं वाटलं असतं. तिनं धाकटीचं निवलेलं ताट उचललं आणि आत नेऊन गरम करून आणलं. थोरला एवढंच म्हणाला, "आई, तू?"

सोमवारी सगळेच निघालो. थोरला आदल्या संध्याकाळी जाऊन जागा धरून बसला होता, तरी पुढे माणसं होतीच. मी माझ्या फोटोखाली उभी राहिले. जो येईल त्याला म्हणाले, "ही मी. हे बोलणं माझंच, पण अर्धं आहे. त्या दिवशी नाटक होतं. उरलेलं मी आता सांगते. हृदयाचे डॉक्टर शुक्रवारीही पाहिजेत. तुम्हीही मागा. दर वेळी मागा." शिपाई खाली मान घालून ऐकत होता. कुणी हसलं नाही. ड्रायव्हरकाका बायकोच्या गोळ्यांसाठी आले होते. ते लांबूनच म्हणाले, "आवाज पोचत नाही, ताई. मोठ्यानं."

मी मोठ्यानं सांगितलं. घसा बसेपर्यंत सांगितलं. दुपार होत आली, आमच्या पुढे आत घ्यायचे लोक अजून बरेच होते. मी दम खायला थांबले आणि सवयीनं बाकाकडे बघितलं, आता विचारेल, झालं, बाई?

धाकटी सूनबाईच्या खांद्यावर डोकं टेकून डोळे मिटून बसली होती. मी जवळ जाऊन तिच्या छातीवर हात ठेवून बघितला. चालू होतं, घाईघाईनं. तिनं डोळे उघडले नाहीत, काही विचारलंही नाही. मी परत फोटोखाली गेले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.