वाटेत न टेकवायची खुर्ची

या, जरा पुढे सरकून बसा. मागे बसूनही ऐकू येईल, पण जवळ बसलं की गोष्ट अंगी लागते. एका जड माणसाची गोष्ट सांगतो. ऐकून उठाल तेव्हा थोडे हलके व्हाल, एवढं कबूल करतो.

चौथ्या मजल्यावर एक म्हातारे बेकरीवाले राहत. वजन ब्याण्णव किलो. गुडघ्यांनी कायमचा संप पुकारलेला आणि इमारतीला लिफ्ट नाही. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांची बायको दोन गल्ल्या पलीकडे मुलीकडे, तळमजल्यावर. तिला चढता येईना, यांना उतरता येईना. पन्नास वर्षांचा संसार, आणि चार महिन्यांत एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. रोज फोनवर भांडत. पण समोर बसून भांडण्यातलं सुख फोनमध्ये कुठलं?

एके दिवशी तिने फोनवर विचारलं, "अहो, तुमचा चेहरा गोल होता की लांबट? नीट आठवत नाही हल्ली." म्हातारे हसले, फोन ठेवला आणि बराच वेळ आरशासमोर बसून राहिले. मग त्यांनी जाहीर केलं, "मला तिच्यासमोर नेऊन बसवा. खुर्चीत घाला, उचला, संध्याकाळी परत आणा. घरात दोन धडधाकट माणसं असताना हमाल कशाला?"

आता ही धडधाकट माणसं बघा. मुलगा चष्म्याच्या दुकानात कामाला; दर रविवारी सायकलवर शंभर किलोमीटर. मांड्या खांबासारख्या, दंड मात्र फूटपट्टीसारखे. जावई कुलपं दुरुस्त करायचा आणि उरलेला वेळ व्यायामशाळेत वजनं उचलायचा. छाती अशी की शर्टाची वरची दोन बटणं कायम रजेवर. पण बससाठी वीस पावलं धावला की कंडक्टर तिकिटाआधी पाणी विचारायचा. देवाने प्रत्येक देहात जोरासाठी पहारही ठेवली आहे आणि दमासाठी भाताही. या दोघांनी एकेकच वापरायला काढलं होतं.

म्हाताऱ्यांची अट एकच. बेकरीत चाळीस वर्षं त्यांनी नियम पाळला होता: भट्टीतून काढलेला ट्रे मांडणीपर्यंत न्यायचा, वाटेत टेकवायचा नाही. तोच नियम खुर्चीला. "एकदा उचललं की थेट खाली." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या घरात ट्रे आणि वडील यांत फरक करायची कुणाला सवय नव्हती.

पहिल्या खेपेला चौदाव्या पायरीवर मुलाची बोटं सुटू लागली.

"भाऊजी, गेला!"

"काय गेला?"

"माझा हात!"

"माझा श्वास कधीचाच गेलाय. मी बोललो का?"

"तुम्ही नंतर जा," खुर्चीतून म्हातारे म्हणाले. "आधी मला परत वर नेऊन ठेवा."

मुलगी बस डेपोत गाड्यांची वेळापत्रकं आखायची. तिने निकाल दिला, "भावाने वजनं उचलायची, नवऱ्याने सायकल मारायची." दोघांनी दोन महिने इतकं मनापासून केलं की आपापलं जुनं साफ सोडून दिलं. दुसऱ्या खेपेला मुलाची पकड सांडशीसारखी, पण तोंडातून फेस. जावयाचा श्वास बासरीसारखा, पण हात लटलटतायत. पंधराव्या पायरीवर थांबले.

"प्रगती आहे," म्हातारे म्हणाले. "एक पायरी."

मुलीने पुन्हा कागद घेतला. दोघांनाही दोन दिवस वजनं, दोन दिवस सायकल, एक दिवस नुसतं चालणं, दोन दिवस विश्रांती.

"विश्रांतीत नेमकं काय करायचं?" जावयाने विचारलं.

"बसायचं."

"किती वेळा?"

"अहो, एकदाच! डेपोत गाडी उभी राहते तेही मला वेळापत्रकात लिहावं लागतं. नाहीतर महिन्याभरात गाडीच उरत नाही."

दहा आठवड्यांनी तिसरी खेप. चौदावी पायरी गेली, पंधरावी गेली, तिसरा मजला गेला. दुसऱ्या मजल्यावर मुलाचे हात आणि जावयाचे हात, मुलाचा दम आणि जावयाचा दम, सगळं एकाच क्षणी संपलं. संतुलन साधलं होतं.

तेवढ्यात तिथलं दार उघडलं. आत शिवणकाम करणाऱ्या बाई राहत. त्यांनी तिघांकडे पाहिलं, आत गेल्या आणि कापडं ठेवायची बुटकी लाकडी पेटी ओढत बाहेर आणली. "यावर टेकवा. जमिनीवर ठेवलीत तर उचलताना कंबर जाईल."

"टेकवायचं नाही," तिघं एकदम म्हणाले. "ट्रे वाटेत टेकवत नाहीत."

बाई म्हाताऱ्या बेकरीवाल्यांकडे वळल्या. "बाबा, तुम्ही पाव नाही."

म्हाताऱ्यांनी यावर विचार केला. चाळीस वर्षांत हा मुद्दा कुणी काढला नव्हता. "टेकवा," ते म्हणाले.

तीन मिनिटं टेकवली. बाईंनी पाणी दिलं. मग खुर्ची उचलली ती थेट तळमजल्यावर. तिथे मुलगी उसनी चाकाची खुर्ची घेऊन उभी होती.

दोन गल्ल्या पलीकडे बायको दारातच बसली होती. तिने नवऱ्याकडे खूप वेळ पाहिलं. हनुवटीपासून कपाळापर्यंत पाहिलं.

"गोलच आहे," ती म्हणाली. "एवढा उशीर?"

"वाटेत टेकलो होतो."

"तुम्ही?" असं म्हणून ती भांडायला लागली आणि संध्याकाळपर्यंत थांबली नाही. म्हातारे तृप्त झाले. परतताना दुसऱ्या मजल्यावर पेटी तशीच मांडलेली होती. आता दर रविवारी असते.

ही गोष्ट पुढे सांगणारे जावयाचे दंड सांगतील, मुलाच्या मांड्या सांगतील, मुलीचा कागद सांगतील. सांगू द्यात, सगळं खरं आहे. तुम्ही मात्र देवापुढे हात जोडाल तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या त्या बाईंची आठवण ठेवा. त्यांची पेटी कधी रिकामी राहू नये, एवढं माझ्या वतीने मागा.