बाईजाचा डावा कान

बाईजाचा उजवा कान टोकावड्याच्या एका हळदीत गेला. ती धवले, म्हणजे लग्नातली परंपरेची गाणी, गायला उभी राहिली आणि डीजेवाल्या ओमकारने तिच्या उजव्या अंगाला भिंतीएवढे स्पीकर उघडले. त्या दिवसापासून उजवीकडून हाक मारली तर तिला कळेना. ओमकार म्हणाला, मावशीचं वय झालं. वय काय एका दिवसात होतं, आणि तेही एकाच बाजूने?

आता उरला होता डावा, तोही अर्धामुर्धा. पुतण्याच्या मुलीची, दिशाची, हळद आठवड्यावर आली होती. धवलारणीने ओळ म्हणायची, मागच्या दोघी बायांनी ती झेलायची, त्यांची संपली की पुढची उचलायची. त्यांची कधी संपते हेच बाईजाला कळत नव्हतं, त्यामुळे मधेच तोंड घालून तिचं दोनदा हसं झालं होतं. पोरं म्हणाली, आजी बसू दे, पेनड्राइव्ह लावू. पेनड्राइव्हला धवले येतात म्हणे! नवरीच्या मामाचं नाव तो कुठून घेणार होता?

तेव्हा भावाची हर्षाली कामाला लागली. मुरबाडला आयटीआय केलेली पोर. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात तिने आवाज वाढवणारा बिस्किटाएवढा बोर्ड बसवला. माइक ओळ झेलणाऱ्या बायांपुढे, हेडफोन आत्याच्या कानाला. बोर्ड मुळात स्पीकरसाठी बनलेला, म्हणून हेडफोनच्या वाटेत तिने आवाज आवरणारे रेझिस्टर घातले आणि बॅटरीचा सरळ करंट अडवणारे कपॅसिटरही. तरी तिचा भरवसा नव्हता. आधी मीटर, मग आवाज शून्यावर ठेवून हेडफोन ओट्यावर, मग स्वतःचा कान, आणि सगळ्यात शेवटी आत्याचा. बाईजाला हे पटलं. तीही पहिली ओळ हळूच म्हणून गळा चाचपायची आणि मग आवाज चढवायची.

एवढ्यात मांडवाची जागा बघायला ओमकार आला. या माणसाला न बोलावताच सगळं कळतं. डबा बघून तो पोट धरून हसला. एवढ्याशा बोर्डाला एवढं सोवळं? आपण पंधरा वर्षं साउंड चालवतो, मीटर कशाशी खातात ते बघितलं नाही. रेझिस्टर आवाज खातात, असं सांगून त्याने खिशातलं कटर काढलं आणि हर्षाली हात धरेपर्यंत दोन्ही रेझिस्टर तोडून तिथे तारा पिळल्या. मग सवयीप्रमाणे आवाजाचं बटण शेवटापर्यंत फिरवलं आणि माइकमध्ये फुंकर मारून "ह्यालो, ह्यालो" केलं. ओट्यावर पडलेल्या हेडफोनमधला आवाज अंगणापर्यंत गेला.

"याला म्हंतात आवाज," म्हणत त्याने हेडफोन बाईजापुढे धरला.

"आत्या, नको गो," हर्षाली मधे पडली. "तुझा कान जाईल."

बाईजाने हेडफोन हातात घेतला. कान तिचा, धवले तिचे, आणि ठरवणार हा दीडशहाणा. तिने तो त्याच्यापुढे धरला.

"आधी तू घाल."

ओमकार डरणारा गडी नव्हता. घालतो की, म्हणाला. बढाई मारता मारताच त्याचा हात शर्टच्या खिशात गेला. कापसाचे दोन बोळे निघाले. त्याने ते थुंकीने वळले, दोन्ही कानांत कोंबले, मग हेडफोन चढवला आणि छाती पुढे काढून उभा राहिला. सवयीच्या हाताने काय केलं, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

बाईजा उठली. तिने त्याच्या डोक्यावरून हेडफोन ओढला, एका कानातला बोळा उपटला आणि त्याच्या नाकासमोर धरला.

"हा कधीपासून घालतोस रे?"

"पयल्यापासून," ओमकार तिच्या डाव्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाला. "धंद्यात कान सांभाळाय लागतात, मावशी."

हे मात्र बाईजाला डब्याशिवाय, अक्षर न् अक्षर ऐकू आलं.

"म्हंजे ठावं व्हतं तुला," ती म्हणाली. "माझं वय झालं नव्हतं."

ओमकार कटर खिशात घालून वळला. हर्षालीने पिळलेल्या तारा सोडवून नवे रेझिस्टर जोडायला घेतले. बाईजा तिच्या शेजारी बसली आणि उरलेल्या कानावर तळहात ठेवून, तो मांडवाची जागा न मापताच अंगणातून बाहेर पडेपर्यंत, त्याच्याकडे बघत राहिली.