राखून ठेवलेला शेवटचा भाग

मी रुद्रम्मांच्या घरचा टीव्ही बोलतोय. उमरग्यात, हायवेच्या अलीकडच्या गल्लीत, बाहेरच्या खोलीतल्या फळीवर माझी जागा. त्यांच्या मुलाच्या, शिवकुमारच्या लग्नात मी आलो. पाठ फुगीर, आवाज खणखणीत. सकाळी बातम्या, संध्याकाळी क्रिकेट. पण माझी खरी वेळ दुपारची.

जेवणं आटोपली की शेजारच्या गजराबाई निवडायची डाळ घेऊन यायच्या आणि दोघी मालिकेत बुडून जायच्या. त्यातली मृण्मयी स्वतःच्या मनानं लग्न करून गेली होती आणि तिची आई तिला दार उघडत नव्हती. रुद्रम्मा त्या आईला कानडीतून शिव्या घालायच्या. गजराबाई मात्र गप्प असायच्या. त्यांची राजनंदिनीही अशीच लग्न करून परंड्याला गेली होती, आणि त्यांच्या घरात तिचं नाव कुणी काढत नव्हतं. मृण्मयी दारात उभी राहिली की गजराबाई पदरानं डोळे पुसायच्या. रुद्रम्मांना ते दिसायचं, पण त्या कधी काही विचारायच्या नाहीत.

गेल्या वर्षी गजराबाई न्हाणीत घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, सोलापूरला ऑपरेशन झालं. दवाखान्यात सगळ्यांच्या आधी पोचली ती राजनंदिनी. तीच आईला परंड्याला घेऊन गेली.

तेव्हापासून रुद्रम्मांनी दुपारी मला लावलंच नाही. गजरा आली की मिळून बघू, असं त्या सुनेला, शुभांगीला, सांगायच्या. पण मालिका कुणासाठी थांबते? ती पुढं सरकत राहिली आणि एक दिवस संपलीही.

दिवाळी झाल्यावर गजराबाईंचा फोन आला.

"अक्का, मृण्मयीच्या आईनं दार उघडलं का गं?"

"मला काय ठाव? तुझ्याबिगर म्या बघितलंच न्हाय."

फोन ठेवून रुद्रम्मांनी सुनेला हाक मारली.

शुभांगी मोबाइल घेऊन शोधायला बसली. कुठं भागांचे नुसते तुकडे होते, कुठं आधी बँकेच्या कार्डाचा नंबर मागत होते. ओळखीतलं कुणी चोरून उतरवलेले भाग पाठवतो म्हणालं, तिनं नको म्हटलं. शेवटी वाहिनीच्याच अ‍ॅपवर सगळे भाग सापडले. मधे मधे जाहिराती, पण फुकट. तिनं राजनंदिनीलाही ते अ‍ॅप घ्यायला सांगितलं. माझ्यात ते चालेना. मी जुना.

मग दुपारी रुद्रम्मा माझ्याकडं पाठ करून बसू लागल्या. भाग शुभांगीच्या मोबाइलवर, आणि शेजारी त्यांचा बटणांचा फोन स्पीकरवर चालू. पलीकडून गजराबाई म्हणायच्या, "थांब अक्का, माझं अजून गोल गोल फिरतंय." मी नुसते आवाज ऐकायचो. चित्र कसं असेल, असं वाटत राहायचं.

शेवटून दुसऱ्या भागात मृण्मयीची आई दाराआड कडीला हात लावून उभी राहिली आणि भाग तिथंच संपला. फोनवर राजनंदिनीचा आवाज आला, "मावशी, जरा थांबा. आई रडतेय."

थोड्या वेळानं गजराबाई बोलल्या. "अक्का, म्या तर कडीला हातबी लावला न्हवता. पोरगी आपणहून आली."

रुद्रम्मांनी मोबाइल उलटा ठेवला. म्हणाल्या, "शेवटचा भाग राहू दे गजरा. तू हितं आलीस की बघू."

तो भाग अजून तसाच आहे. शिवकुमारनं रुंद, नवा टीव्ही आणलाय, त्यात ते अ‍ॅप चालतं. पण रुद्रम्मा खोकं उघडू देत नाहीत. गजरा येईल त्या दिवशी लावायचा, म्हणतात. गजराबाई आता वॉकर धरून अंगणापर्यंत चालतात, असं कालच फोनवर ऐकलं.

त्या येतील त्या दिवशी मला फळीवरून उतरवतील, हे मला कळतं. तरी दुपार झाली की मी दाराकडं कान लावतो. तुमच्यापैकी कुणी परंड्याला जाणार असेल तर गजराबाईंना सांगा, उमरग्यात मी धरून दोघं वाट बघतोय. सावकाश या म्हणावं. पण या.